आबा-लेंचा नकार

२०१४ सालची गोष्ट. सुयश माझा धाकटा दीर. जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात इंजिनियर, सगळं कसं मोजूनमापून. पण पोरीच्या बापासमोर पार गळपटला!

पोरगी स्टॅन्झिन. आमच्या हायडेलबर्गला विद्यापीठात संशोधन करायची. मूळची झांस्करची. झांस्कर म्हणजे लडाखमधलं इतकं आडबाजूचं खोरं, की बर्फ पडला की खिंड बंद. मग गोठलेल्या नदीवरून चालत गेलात तर गेलात. तिचा होकार कधीच होता. उरले तिचे वडील, ज्यांना सगळे आबा-ले, म्हणजे बाबाजी, म्हणायचे. ते लेकीला भेटायला आले, तेव्हा सुयशने सरळ हिंदीत मागणी घातली. ते म्हणाले, "नाही." परवा त्यांचं परतीचं विमान.

"नाही म्हणजे नाही, वहिनी," सुयश माझ्या स्वयंपाकघरात तोंड पाडून बसला. "परत विचारणं बरं दिसत नाही."

"गेनाऊ! अगदी बरोब्बर! झालास पुरता जर्मन!" मी भडकलेच. "अरे शहाण्या, काल त्यांनी माझा चहा दोनदा नको म्हटला आणि तिसऱ्यांदा चांगले दोन कप प्यायले. आपल्याकडे तरी पाहुणा आग्रहाशिवाय जेवतो का?"

स्टॅन्झिनला फोन लावला तर ती कपाळाला हात लावून हसली असणार. "दीदी, आमच्याकडे मागणी घालायला जवाची घरगुती दारू, छांग, नेतात, भांड्याच्या काठाला लोणी लावून. बापाने पहिल्यांदाच घेतली तर लोक म्हणतील, लेक जड झाली होती. मला न विचारताच गेला की हा!"

आता छांग कुठून आणायची? बिअरही जवाचीच की. मी बाटलीच्या तोंडाला लोणी फासलं.

"अगं नीला, हे काय?" माझे यजमान, राजानंद, बघतच राहिले.

"अहो, तुम्ही गप्प बसा नि चला."

स्टॅन्झिनच्या खोलीत आबा-लेंनी लोणी पाहिलं आणि हसू दाबलं. मी ग्लास पुढे केला. "नको." राजानंदनी केला. "नको." तिसऱ्यांदा सुयशने केला. आबा-लेंनी हात पुढे आणला आणि तिथेच थांबवला.

"आमच्यात लेक दिली तरी शेजारच्या गावात असते," ते म्हणाले. "तुमच्या इथून हिला माहेरी कोण आणणार? रस्ता बंद असला तर?"

माझ्या बाबांनी हे कुणाला विचारलंच नव्हतं. माझी आई गेल्याचं मी इथे फोनवर ऐकलं.

सुयशकडे एरवी प्रत्येक गोष्टीचा आराखडा तयार असतो. तो म्हणाला, "मीच आणेन. पण मला बर्फावर चालता येत नाही, आबा-ले. शिकवाल?"

आबा-लेंनी ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"दोघं जानेवारीत या," ते म्हणाले. "नदीवर मी पुढे चालतो. तू माझ्या पावलावर पाऊल ठेव."

स्टॅन्झिन रडत होती, आणि मीही.