रिकाम्या घड्याळाची धास्ती

मी घड्याळ बोलतोय. दचकू नका, ठोके देणार नाही. माझ्यात आता वाजण्यासारखं काही उरलेलंच नाही. काटे गेले, चक्रं गेली, लंबक गेला. राहिली ती लाकडी पेटी, तबकडी आणि काळजी करायची सवय.

ही सवय मला दवाखान्यात लागली. कारखान्यातून निघालो तो थेट एका डॉक्टरांच्या भिंतीवर, बाहेरच्या बाकांसमोर. एकतीस वर्षं तिथे काढली. माझ्याकडे सहज म्हणून कुणी पाहिलंच नाही. आत कुणाची आई असायची, कुणाचं तान्हं असायचं, आणि बाकावरचं माणूस मिनिटामिनिटाला मान वर करून मलाच विचारायचं, अजून किती वेळ? मला काय ठाऊक! तरी त्यांच्यासोबत मीही जीव मुठीत धरून असायचो.

शेवटी माझेच बारा वाजले. मला घड्याळजींकडे दुरुस्तीला टाकलं. तेवढ्यात दवाखाना बंद झाला आणि मला न्यायला कुणी आलं नाही. घड्याळजींनी दोन वर्षं वाट पाहिली, मग चिमट्याने एकेक चक्र काढून दुसऱ्या घड्याळाला बसवलं. म्हातारपणी दुकान आवरून ते थोरल्या बहिणीकडे राहायला आले, तेव्हा मला मात्र सोबत आणलं. ताईंनी काही मला घरात घेतलं नाही. "जे चालत नाही ते भिंतीवर कशाला रे?" म्हणाल्या. म्हणून मी मागच्या बागेत, नळाच्या वरच्या खिळ्यावर आलो.

माझ्या खालच्या काचेचा कोपरा फुटलेला होता. वसंत लागला तशी तिथून एक चिमणी आत डोकावली. लंबक हलायचा त्या जागेत काड्या आल्या, पिसं आली, ताईंच्या शिवणातले दोरेही आले. मग चार अंडी. बारा दिवसांनी चार उघडी, गुलाबी पिल्लं. डोकं पेलवत नव्हतं, पण चोच मात्र डोक्याहून मोठी.

माझ्या जिवाला तेव्हापासून स्वस्थता नाही. चिमणी उडाली की मी मोजायला लागायचो. मांजराने गाठलं असेल का? चिमणा वाट चुकला असेल का? मग ती अळी घेऊन यायची, चारही चोची उघडायच्या आणि माझा जीव भांड्यात पडायचा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

घड्याळजीही मोजायचे. स्टूल टाकून, हातात स्टॉपवॉच घेऊन बसायचे.

"ताई, चिमणा सहा मिनिटांनी आला गं! जरा मागे पडतोय."

"मग तेल घाल त्याला," ताई कपडे वाळत घालता घालता म्हणायच्या.

सातव्या दिवशी ऊन फार कडक पडलं. माझी तबकडी तापली, तसे घड्याळजी उठले. घड्याळ उन्हात टांगायचं नाही, हे ते गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आले होते. चिमणा-चिमणी बाहेर गेलेली बघून त्यांनी मला अलगद उतरवलं. पिल्लांना धक्का लागू नये म्हणून श्वाससुद्धा रोखून धरला होता. मला घराला वळसा घालून पुढच्या सावलीतल्या भिंतीवर नेलं, ओळंबा लावून सरळ टांगलं आणि समाधानाने हात झटकून स्टूल आणायला गेले.

अहो, नका! मला ओरडायचं होतं. घंटा असती तर शंभर ठोके दिले असते.

मी जन्मभर टांगलेलाच, पण जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्या दुपारी कळलं. पिल्लांचा आवाज तो केवढा! घराच्या मागच्या बाजूपर्यंत कुठला पोचणार? आधी चौघंही ओरडत होती. मग तिघं. सगळ्यात लहान होतं त्याने मान टाकली.

घड्याळजी समोर बसले होते. "चाळीस मिनिटं झाली," ते स्वतःशीच पुटपुटले. मग पन्नास. मान वर करून ते माझ्याकडे पाहत होते, अगदी बाकावरच्या माणसांसारखे.

ताई वाळलेले कपडे काढायला मागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अरे वेड्या, इकडे ये! ती तोंडात अळी धरून नुसत्या खिळ्याभोवती फिरतेय. कुठे नेलंस तिचं घर?"

"ऊन होतं गं ताई. घड्याळ उन्हात कसं..."

"ते घड्याळ आहे का आता?"

घड्याळजी अनवाणीच धावले. मला खिळ्यावर अडकवलं ते वाकडंच, आणि दोघंही स्वयंपाकघराच्या खिडकीआड लपले. चिमणी तारेवर बसून राहिली. येईना. ताईंनी भावाचा दंड घट्ट धरला होता. आणि एकदम ती काचेच्या कोपऱ्यातून आत शिरली.

तीन चोची उघडल्या.

चौथं पिल्लू संध्याकाळी घड्याळजींनी बाहेर काढलं. माझी चक्रं काढली त्याच चिमट्याने. गुलाबाच्या मुळाशी त्याला पुरताना म्हणाले, "मी चांगल्यासाठीच केलं गं." ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात उरलेली तिघं उडून गेली. आता माझ्या डोक्यावर घड्याळजींची जुनी छत्री बांधलेली आहे, आणि काल तीच चिमणी नवं पीस घेऊन आली. म्हणजे पुन्हा अंडी, पुन्हा ऊन, पुन्हा मोजणं. मला आत्तापासूनच धसका बसलाय.

घड्याळजी, तुम्ही रोज खाली उभे राहून माझ्याकडे बघता. हात शिवशिवतात, ते मला दिसतं. वाकडं घड्याळ तुम्ही आयुष्यात कधी भिंतीवर राहू दिलं नाही. पण ताईंचं खरं आहे, मी आता घड्याळ नाही. तेव्हा हात लावू नका. मला असं वाकडंच राहू द्या.