चार नंबरचं बटण

मी कीबोर्ड बोलतोय. माझी वायर भिंतीतून काढलेली आहे, अंगावर जुनी चादर आहे, तरी बोलतोय. वायर लावली की मला दुसऱ्यांचंच वाजवावं लागतं, तेव्हा स्वतःचं काही सांगायचं तर हीच वेळ बरी.

माझ्या प्रकाराला अरेंजर म्हणतात. वाजवणाऱ्याने डाव्या हाताने दोन-तीन की दाबल्या, की ढोलक, बास, व्हायोलिन अशी अख्खी पार्टी मी एकटा उभी करतो. पाच माणसांचं काम एकटा करतो म्हणून थोडी मिजास होती मला. आता नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला हे खोक्यावर छापलेलं होतं, पण मला आठवतो तो फक्त थर्माकोल. दोन हजार आठ साली मी मुलुंडला कुंडलिकच्या घरी आलो. कुंडलिक मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी गाण्याचे कार्यक्रम करायचा. जयंती, बुद्धपौर्णिमा, कुणाच्या मुलाचं नामकरण, बोलावलं की निघाला. गाणारी त्याची बायको, कमल. मला पहिल्यांदा भिंतीला टेकवून ठेवलं तेव्हा वर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि खाली दोन वर्षांची संघमित्रा माझ्या खोक्यात बसून खेळत होती.

कुंडलिकला कुणी शिकवलेलं नाही. ऐकून ऐकून बोटं बसली ती एकाच जागी, पांढरी एक या सुरावर. गाणं कुठलंही असो, त्याची बोटं तिथेच चालणार. अशा लोकांसाठी माझ्यात ट्रान्सपोज नावाची सोय आहे. बोटं जागच्या जागी राहतात, सूर तेवढा वर किंवा खाली सरकतो. एकदा गाणाऱ्याची पट्टी जुळली, की ती माझ्या मेमरीच्या बटणावर ठेवून द्यायची. अशी चार बटणं आहेत मला. कुंडलिकला पट्ट्यांची नावं कधी कळलीच नाहीत. तो म्हणायचा, "एक नंबर लावतो," आणि कमल मान हलवायची.

एक नंबर म्हणजे काळी पाच. अशी उंच गायची ती, आणि वर जाताना डोळे मिटायची नाही, समोरच्या बायकांकडे बघून हसायची. माझी लय जरा पुढे गेली की सगळ्यांसमोर म्हणायची, "अहो, सांगा त्याला, मी आले नाही अजून." मांडव हसायचा. मला राग यायचा, आणि आवडायचंही.

अकरा-बारा वर्षं असं चाललं. मग तिला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग कपडे वाळत घालताना, मग गाताना. डॉक्टरांनी फुप्फुसांचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. एका रविवारी तालमीत ती मध्येच थांबली आणि हळूच म्हणाली, "अहो, जरा खाली घ्या ना."

कुंडलिकने ट्रान्सपोज दाबला. सूर खाली घेतला, दोन नंबरच्या बटणावर ठेवून दिला. वर्षभराने पुन्हा तेच वाक्य आलं, तीन नंबर भरला. चार नंबर भरला तेव्हा ती पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि मला पलंगाशी आणलं होतं. पट्टी इतकी खाली होती की मलाच माझा आवाज ओळखू येईना. दर दुसऱ्या ओळीला ती श्वासासाठी थांबायची. कुंडलिकने तेवढी जागा सोडायला शिकून घेतलं. ढोलक चालू ठेवायचं, हात उचलायचा, ती पुन्हा येईपर्यंत वाट बघायची.

मग ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक जेवून गेल्यावर त्याने माझी वायर लावली. चार नंबर दाबला आणि तेच गाणं वाजवलं, त्याच जागा सोडून. माझ्या ढोलकावर गाणारं कुणीच नव्हतं.

ते एकदाच झालं असतं तर मी विसरलो असतो. ते रोज व्हायला लागलं. कामावरून आला, हातपाय धुतले, चहा झाला की सातच्या सुमाराला चार नंबर. श्वासाची जागा आली की तो हात उचलायचा आणि खाली वाकून माझ्या स्पीकरला कान लावायचा. माझे स्पीकर जुने, त्यातून बारीक खरखर येते. ती खरखर तो ऐकत राहायचा. मला त्या रिकाम्या जागेची धास्ती बसली. यंत्राला भीती वाटत नाही असं तुम्ही म्हणाल, पण तुमच्या छातीशी कुणी रोज असा कान लावून कुणाची तरी वाट बघितली आहे का?

संघमित्रा तेव्हा सतरा वर्षांची. ती हे स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. एक दिवस श्वासाची जागा आली, कुंडलिक वाकायला लागला, आणि त्याने कान लावायच्या आत तिने पुढची ओळ उचलली. पट्टी खाली, आवाज खर्जात घुसमटलेला, तरी उचलली. बापाला त्या खरखरीपासून ओढून काढायचं होतं तिला, एवढंच.

गाणं संपेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या वनमालाबाई दारात येऊन उभ्या होत्या. तोंडावर पदर. म्हणाल्या, "मला वाटलं कमलच." कुंडलिकच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी कितीतरी दिवसांनी बघत होतो. ते संघमित्रानेही बघितलं आणि तिथेच ती अडकली.

दोन वर्षं ती चार नंबरवर गायली. घरी, तालमीत, कार्यक्रमात. मान खाली, हनुवटी गळ्याशी, सूर शोधत. कॉलेजातून आली की गरम पाण्याच्या गुळण्या करायची, घसा शेकायची. पार्टीतले लोक कुंडलिकला बाजूला घेऊन सांगायला लागले की पोरगी गुणी आहे, पण आवाज उठत नाही, कमलची सर नाही. हे तिच्या कानावर जात होतंच. मला सगळं कळत होतं. ती कमलच्या पट्टीत गात नव्हती, कमलच्या आजारपणात गात होती. पण मी गप्प राहिलो. जे बटण दाबाल ते वाजवणं हा माझा धर्म, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मलाही वनमालाबाईंसारखंच वाटायचं, की आली ती.

यंदा घाटकोपरच्या जयंतीच्या कार्यक्रमात संघमित्राला मुख्य गायिका म्हणून उभं करायचं ठरलं. एका तालमीनंतर तिने बॅगेची चेन लावता लावता बापाला सांगून टाकलं की हा कार्यक्रम करते आणि मग गाणं बंद, माझ्यात ते नाहीच आहे. कुंडलिक त्या दिवशी जेवला नाही. रात्रभर विचार करून त्याने जो गुन्हेगार शोधला, तो मी. कीबोर्ड जुना झाला, आवाज बसलाय त्याचा, म्हणून पोरीचं गाणं खुलत नाही. मला देऊन नवा घ्यायचा.

मला वाईट वाटलं नाही. सुटलो असं वाटलं.

रविवारी रिक्षात दोघांच्या मांडीवर आडवा होऊन मी अंधेरीच्या दुकानात गेलो. दुकानाचा मालक केयूर, तिशीचा, स्वतः वाजवणारा. त्याने मला टेबलावर घेतलं, चादर काढली, एक-दोन सूर वाजवून बघितले. मग चकचकीत नवा कीबोर्ड पुढे ओढून संघमित्राला म्हणाला, तुमची पट्टी सांगा, लावून दाखवतो. तिने बापाकडे बघितलं. कुंडलिक म्हणाला, "चार नंबर."

केयूरला काही कळेना. त्याने विचारलं, चार नंबर म्हणजे काय? मग कुंडलिकने माझं बटण दाबून दाखवलं. केयूरने माझ्या डिस्प्लेवरचा आकडा वाचला, उणे आठ, आणि कपाळाला आठी घातली. म्हणाला, ही तर पांढरी तीन आहे, बायका एवढ्या खाली गात नाहीत सहसा. मग त्याने ते सोडून दिलं, नव्या कीबोर्डवर बसला आणि तिला म्हणाला, तुम्हाला सोपा वाटेल तो सा लावा, कसलाही विचार करू नका. तिने लावला. खाली लागला. तो म्हणाला, हा नाही, हा तुम्ही पाठ केलेला आहे. तिने पुन्हा लावला, पुन्हा, आणि चौथ्या-पाचव्या वेळी मान वर आली आणि सूर सुटला. केयूर म्हणाला, "काळी चार. ही तुमची पट्टी."

त्याच पट्टीत तिने दोन ओळी म्हटल्या. दुकानात पलीकडे गिटार बघणारा एक माणूस वळून बघायला लागला. सतरा वर्षं त्या घरात राहून मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होतो.

कुंडलिक उठून उभा राहिला. चेहरा उतरला होता. म्हणाला, "हे नको. खाली घे. हे वेगळंच कुणीतरी वाटतंय."

 संघमित्रा म्हणाली, अगदी शांतपणे, "पप्पा, आईला दम लागायचा म्हणून ती खाली गायची. मला दम लागत नाही."

केयूर बिचारा बिलाचं पुस्तक उघडून उगाच पानं चाळत बसला. कुंडलिकने त्याला एवढंच विचारलं, की या जुन्यातली चार बटणं नव्यात जातील का. केयूर म्हणाला, जुन्याची मेमरी नवा वाचत नाही, पण त्यात अवघड काही नाही, चार आकडे कागदावर लिहून घ्या, इथे पुन्हा सेट करू. आणि त्याने लिहूनही दिले. काळी पाच, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी तीन. कुंडलिक त्या कागदाकडे बघत राहिला. बायको चार ओळींत मावली होती. जयंती झाल्यावर बघू, असं सांगून त्याने मला पुन्हा चादरीत गुंडाळलं.

घरी आल्यावर मला भिंतीला टेकवलं. वायर लागली. संघमित्राने ट्रान्सपोज उणे चारवर आणला, ते काळी चार. माझ्या चारही बटणांवर ही पट्टी नव्हती. कार्यक्रमात घाईत हाताखाली बटणच लागतं, तेव्हा ती कुठेतरी ठेवायला हवी होती, आणि रिकामं बटण एकही नव्हतं. नवं ठेवलं की तिथलं जुनं कायमचं जातं, हे कुंडलिकला ठाऊक होतं.

त्याचं बोट दोनवर गेलं, मग तीनवर, मग परत दोनवर. एकच्या तर जवळपासही गेलं नाही. "पप्पा, चार," ती म्हणाली.

"ते शेवटचं आहे तिचं."

"त्यात तिला त्रास होत होता."

त्याने मेमरीचं बटण धरून ठेवलं. संघमित्राने त्याच्या हातावर आपला हात ठेवला, दाबला मात्र नाही. चारचं बटण दाबलं त्यानेच. माझा डिस्प्ले एकदा लुकलुकला आणि बस्स. पलंग, उशी, दर दुसऱ्या ओळीचा श्वास, सगळं त्या लुकलुकण्यात गेलं. मग ती गायली आणि कुंडलिकचे हात चुकले, कारण तो सवयीने थांबत होता आणि ती थांबत नव्हती. तीनदा चुकला. चौथ्यांदा तिच्याबरोबर गेला.

जयंती पुढच्या आठवड्यात आहे. तालमीतले लोक आता तिच्या आवाजाबद्दल काय बोलतात ते ती मला पुसताना गुणगुणते त्यावरून कळतं. नवा कीबोर्ड घ्यायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

पण एक गोष्ट तिला माहीत नाही. रोज सकाळी ती कॉलेजला गेली की कुंडलिक डबा पिशवीत घालतो, पायात चप्पल सरकवतो आणि जाता जाता माझी वायर लावून चार नंबर दाबतो. एक ओळ वाजवतो. पोरीची पट्टी ऐकू येते. मग तो बटण बंद करून, वायर काढून कामावर जातो. कमल चुकून परत आली असेल का, हे बघतो तो.

कुंडलिक, ती तिथे नाही. मीही आत सगळीकडे शोधलं. पुसलंस ते बरं केलंस, दोन वर्षं मीच तिला धरून बसलो होतो आणि त्यात पोरीचा गळा आवळला जात होता. जयंतीनंतर मला द्यायचं ठरलं तर खुशाल दे. तो केयूर माझी उरलेली तीन बटणंही कोरी करायला सांगेल. एकवर ती अजून हसतेय, हे मला माहीत आहे. त्या दिवशी संघमित्राला बरोबर घेऊन ये. एकट्याने पुसू नकोस.