अहिल्याताईंना खांदा

खून झाला होता, आणि मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, "डॉ. अहिल्या कारखानीस यांचे दुःखद निधन."

मी खाली लिहिलं, "निधन नाही. खून." आमचे अध्यक्ष जयंत सबनीस यांनी ते लगेच उडवलं. मग मला वेगळा मेसेज केला, "सुरुची, ग्रुपवर लहान मुलंही असतात." जर्मनीतल्या या बॉबलिंगेनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकही लहान मूल नाही. आमच्या मुलांना मराठी वाचता येत नाही.

अहिल्याताई बायकांच्या डॉक्टर होत्या आणि गर्भपात करायच्या. या भागात ते काम करणारे डॉक्टर फार उरले नाहीत. त्यांच्या दवाखान्यासमोर निषेध म्हणून एक माणूस जपमाळ घेऊन उभा असायचा. नंतर कायदा आला, की अशा लोकांनी शंभर मीटर लांब राहायचं. तो बरोब्बर तेवढा लांब उभा राहायला लागला. गेल्या आठवड्यात एका सकाळी तो लांब राहिला नाही. ताई पार्किंगमध्ये गाडीतून उतरत होत्या, त्याच्याकडे सुरा होता. जर्मन पेपरांनी सगळं छापलं, त्यांच्या कामासकट. फक्त आमच्या मंडळाला पत्ता नव्हता.

ताईंना नवरा नव्हता, मूल नव्हतं. भाचा होता, ओजस, कार्ल्सरूहला पीएचडी करणारा. त्याने ग्रुपवर लिहिलं, "शनिवारी वाल्डफ्रीडहोफच्या स्मशानभूमीत आत्याला निरोप द्यायचा आहे. चॅपेलमधून शववाहिकेपर्यंत पेटी सहा जणांनी न्यायची असते. इथे त्यासाठी भाड्याने माणसं मिळतात. मला आत्याला भाड्याचे खांदे द्यायचे नाहीत. कोण येईल?"

उत्तरं आली. एकाची केअरवोखं होती, म्हणजे बिल्डिंगचा जिना झाडायची पाळी. ती आठवडाभर असते आणि जिना चहा उकळेपर्यंत झाडून होतो. एकाचा विंटर टायर्स बसवायचा टेर्मिन होता, म्हणजे ठरलेली वेळ, आणि ती म्हणे हलवता येत नव्हती. एकाने नुसतं लिहिलं, "पाठ." बाकीच्यांनी जोडलेले हात टाकले. सप्टेंबरात हेच लोक ढोल कमरेला बांधून चौकात तासभर नाचले होते. तेव्हा सगळ्यांच्या पाठी शाबूत होत्या.

त्यांना खुन्याची भीती नव्हती, तो तर कोठडीत होता. त्यांची भीती वेगळी होती, आणि ती कोणी बोलत नव्हतं. खांदा कोण देतो? घरचा माणूस, नाहीतर ज्याच्यावर उपकार असतात तो. म्हणजे जो पुढे होईल त्याची बायको कधीतरी ताईंच्या टेबलावर झोपली होती, हे सगळ्या गावाला कळणार. घरोघरी हाच विचार चालला होता. आमच्याही घरी.

"आपण फुलं पाठवू," माझा नवरा सत्यजित म्हणाला. "मोठा गुच्छ पाठवू."

"मी खांदा देणार आहे."

"आई इथे आहे, सुरुची."

त्याची आई, शोभनाबाई, सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. आतल्या खोलीत आमच्या ऊर्जाची वेणी घालत होत्या आणि तिला मराठीत विचारत होत्या, "तुला भाऊ हवा की नको?" ऊर्जा जर्मनमध्ये म्हणत होती, मला मांजर हवं.

"पेपरात फोटो येणार," सत्यजित म्हणाला. "ऑफिसात काय सांगू? आईला काय सांगू?"

"गेलेल्या बाई माझ्या डॉक्टर होत्या, हे सांग."

"तेवढ्यावर ती थांबेल का?"

त्याचं बरोबर होतं. त्या थांबल्या नसत्या.

ऊर्जा आठ महिन्यांची असताना मला पुन्हा दिवस गेले. मला नको होतं. कारण विचारतात लोक. मला नको होतं, हेच कारण. मी कारखान्यात लाइन प्लॅनिंगमध्ये इंजिनियर आहे, रात्री दर दोन तासांनी उठत होते, आणि मला माझं शरीर परत हवं होतं. इथल्या कायद्याने आजही हा गुन्हाच आहे. अटी पाळल्या तर फक्त शिक्षा होत नाही. आधी सल्ला घ्यायचा, त्याचा कागद आणायचा, मग तीन दिवस सक्तीने विचार करायचा. जसं काही त्याआधी मी विचार न करता हिंडत होते. तो कागद घेऊन आम्ही दोघं ताईंकडे गेलो. सत्यजित बोलायला लागला, "आम्ही असं ठरवलंय की..." ताईंनी त्याला दार दाखवलं. "तुम्ही बाहेर बसा. तुमचं मत असेल ते मी नंतर ऐकेन. किंवा नाही ऐकणार." दार लागल्यावर मला म्हणाल्या, "तुला काय हवंय? एका वाक्यात सांग, मला पाल्हाळ आवडत नाही." मी सांगितलं. म्हणाल्या, "ठीक. येताना जाड पायमोजे घालून ये, ते टेबल फार गार असतं." एवढंच. उपदेश नाही, डोक्यावर हात नाही. त्या पायमोज्यांइतकी माया मला त्या सबंध वर्षात कोणी दाखवली नव्हती.

शनिवारी मी काळा कोट घातला, तर शोभनाबाई पांढरी साडी, स्वेटर आणि स्पोर्ट्स शूज घालून दारात तयार.

"मी पण येते. परक्या मुलखात मराठी बाई गेली. चार माणसं नकोत का?"

"आई, थंडी आहे बाहेर," सत्यजित म्हणाला.

"मग? थंडी आहे म्हणून मेलेल्या माणसाला एकटं सोडायचं?"

ऊर्जाला शेजारी ठेवलं. सत्यजित स्टिअरिंग इतकं घट्ट धरून होता की बोटं पांढरी पडली होती.

स्मशानाच्या फाटकाशी पोलिसांच्या गाड्या होत्या. पोलिसांनी आमच्या पिशव्या उघडून बघितल्या. रस्त्यापलीकडे तीसेक माणसं मोठमोठे फलक घेऊन गप्प उभी होती. कॅमेरे दोन्ही बाजूंना होते. मी पिशवी बंद करत होते, तेवढ्यात त्यांच्यातली एक आजीबाई हसतमुखाने पुढे आली आणि तिने शोभनाबाईंच्या हातात काहीतरी ठेवलं. अंगठ्याएवढं गुलाबी प्लॅस्टिकचं बाळ, गुडघे पोटाशी घेतलेलं.

शोभनाबाईंना वाटलं बाळकृष्ण आहे. त्यांनी ते कपाळाला लावलं.

जयंतची बायको सुलेखा शेजारीच उभी होती. ती पुटपुटली, "काकू, टाका ते. देव नाही तो."

"मग काय आहे?"

"ते लोक ताईंच्या विरुद्ध आहेत. ताई ते काम करायच्या ना. पाडायचं."

शोभनाबाईंनी तळहातावरच्या बाळाकडे पाहिलं. "मुली पाडायची बाई?"

सुलेखा गप्प. तिला उत्तर माहीत होतं. कसं माहीत होतं ते मी सांगणार नाही, सांगायचं तर ते तिने सांगावं. पण ती गप्प बसली आणि ते गप्प बसणं म्हणजे हो असा अर्थ झाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

शोभनाबाई वळल्या. "सत्या, गाडी उघड. असल्या बाईला मी हात जोडणार नाही."

त्यांच्या रागात खोट नव्हती. त्यांच्या धाकट्या जावेला घरच्यांनी मुलगी आहे का ते तपासून तीनदा तिकडे कुठेतरी पाडायला नेलं होतं. तिसऱ्या वेळी ती परत आली नाही. त्या घरचं पाणीसुद्धा शोभनाबाई पीत नाहीत. त्यांच्यासाठी गर्भपात म्हणजे तेवढंच. दुसरं काही असू शकतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

"अहो आई, थांबा," मी म्हणाले. "इथे मुलगा की मुलगी कोणी विचारत नाही. बारा आठवडे होईपर्यंत डॉक्टरला ते सांगायलाच बंदी आहे. आणि हे सगळं त्याच्या आत होतं."

"तुला काय माहीत?"

सत्यजित मध्येच जर्मनमध्ये म्हणाला, "लास एस." सोडून दे. आईला कळू नये म्हणून जर्मनमध्ये. त्याच्या आवाजात विनवणी होती, आणि त्या क्षणी मी मागे फिरले असते तर संध्याकाळी आम्ही तिघं वरणभात जेवलो असतो आणि काहीच घडलं नसतं. ताई मात्र मुली मारणारी बाई म्हणून सांगलीपर्यंत गेल्या असत्या.

"मी गेले होते त्यांच्याकडे," मी म्हणाले. "ऊर्जा आठ महिन्यांची असताना."

पोलीस आमच्याकडे बघत होता. सुलेखा दोन पावलं मागे सरकली.

"का गं?"

"मला नको होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मुलगी होती?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही."

शोभनाबाई मुलाकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

सत्यजित किल्लीशी चाळा करत होता.

"सत्या, मी काय विचारते? होतास का हिच्याबरोबर?"

"बाहेर बसलो होतो."

"आत्ता कुठे बसणारेस?"

शोभनाबाईंनी ते बाळ पोलिसांच्या लोखंडी कठड्यावर ठेवलं आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या. दार ओढून घेतलं. मी एकटी आत गेले.

चॅपेलमध्ये पेटी बंद होती, वर झेंडूची माळ. नोव्हेंबरात ओजसने ती कुठून पैदा केली देव जाणे. मागच्या बाकावर मंडळाचे सातआठ लोक बसले होते. दाराजवळ बसलं म्हणजे लवकर सटकता येतं. जयंत बोलायला उठला.

"अहिल्याताई म्हणजे, काय म्हणतात, एक मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. आपल्या नाटकांना त्यांनी प्रॉम्प्टिंग केलं, दिवाळीच्या फराळाला त्यांची मदत असायची. काळाने अचानक घाला घातला..."

काळाने. पार्किंगमध्ये काळ जपमाळ घेऊन आला होता का? आणि ताई मनमिळाऊ मुळीच नव्हत्या. प्रॉम्प्टिंग करताना त्या जयंतला शिव्या घालायच्या, कारण तो सगळी भाषणं विसरायचा. मी उठले. परवानगी मागितली नाही.

"काळाने नाही, माणसाने मारलं," मी म्हणाले. "त्या गर्भपात करायच्या म्हणून मारलं. माझाही त्यांनी केला. मी इथे उभी आहे, धडधाकट आहे, माझं घर आहे, मुलगी आहे, काम आहे. कोणाला लाज वाटत असेल तर त्याने ती आपल्यापाशी ठेवावी, ताईंच्या माथी मारू नये. फराळाला त्या कधी आल्या मला आठवत नाही. पण तुमच्यातल्या कोणाकोणाच्या बायकांसाठी त्या दवाखाना बंद झाल्यावरही थांबल्या होत्या. ते तुम्हाला आठवत असेल."

जयंत बूट बघत होता. दवाखान्यातली नर्स, बिर्गिट, मराठी न कळता रडत होती. पार्किंगमध्ये ताईंच्या जखमेवर हात दाबून तीच बसली होती, रुग्णवाहिका येईपर्यंत.

अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणारे हेर क्योलर पुढे आले. "कोण उचलणार?"

ओजस उठला. त्याची मैत्रीण ईप्सिता उठली. बिर्गिट उठली. मी. चार.

"ढकलगाडी आहे," हेर क्योलर हळूच म्हणाले. "त्यात काही कमीपणा नाही."

"नाही," ओजस म्हणाला. त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं. वाट पाहिली. "दोघं तुमचे द्या."

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. मग सुलेखा उठली. जयंतने तिची बाही धरली, तिने ती सोडवून घेतली. माझ्याकडे न बघता येऊन पेटीच्या पलीकडे उभी राहिली. ते पाहून हेर क्योलरनी हातमोजे चढवले आणि सहावे स्वतःच उभे राहिले. उंचीप्रमाणे आम्हाला लावलं, ओजस आणि ईप्सिता पुढे, मी आणि सुलेखा मध्ये. "एकदम उचला. घाई नको. पाय बघू नका."

लाकूड गळ्याच्या हाडात रुतलं. ताई अंगाने किरकोळ होत्या, वजन सगळं पेटीचं होतं. पेटीच्या पलीकडून सुलेखाचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा.

बाहेर आलो तसे कॅमेरे सुरू झाले. रस्त्यापलीकडचे लोक गाणं म्हणायला लागले, संथ, चर्चमधलं. पोलिसांनी पाठी आमच्याकडे आणि तोंडं त्यांच्याकडे केली. वाट आमच्या गाडीवरून जात होती. सत्यजित बोनेटला टेकून खिशात हात घालून उभा होता. माझी आणि त्याची नजर भेटली. तो एक पाऊल पुढे आला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि तिथेच राहिला. मागच्या काचेआड शोभनाबाई होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आमचे खांदे मोजत असाव्यात, कारण त्यांची नजर एकेकावर थांबत पुढे जात होती. ताईंना शववाहिकेत ठेवेपर्यंत त्या तशाच बघत होत्या.

आम्ही घरी निघालो. मी मनात तयारी केली होती. त्या आजच बॅग भरतील, रात्री सगळ्या नातेवाइकांना फोन जातील.

तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर त्यांनी सत्यजितकडून किल्ली घेतली आणि मला म्हणाल्या, "तू आत येऊ नकोस."

मी बाहेर पायपुसण्याशी उभी राहिले. आत नळाचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता.

"बूट काढ. मोजे पण."

मी काढले. त्यांनी माझ्या पायांवर पाणी ओतलं, मग हातांवर. पाणी कोमट होतं. ते जिन्यावरून खाली वाहत गेलं.

"मला पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कधी पटेल असं वाटत नाही. मला सांगितलं नाहीस, ते तर मुळीच पटलेलं नाही. पण तू प्रेताला खांदा देऊन आलीयस. सरळ न्हाणीघरात जा, कशाला शिवू नकोस. मग बोलू आपण. पुष्कळ बोलायचंय मला."

"हो, आई."

सत्यजितही बूट काढून पाय पुढे करून उभा होता. शोभनाबाईंनी तांब्या उरलेल्या पाण्यासकट बाजूला ठेवला.

"तू जा सरळ आत," त्या म्हणाल्या. "तुझ्या अंगाला काय लागलंय?"