अकरा आकड्यांचा दम

"एक... दोन... तीन..."

जेसल पार्कातल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये पन्नासेक माणसं एका सुरात मोजत होती. सोफा पॅसेजमध्ये काढून ठेवला होता, तरी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत उतरला होता. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. टीव्हीला झेंडूचा हार, खालच्या कडेला तर दुहेरी. पडद्यावर हिरवंनिळं पाणी आणि त्यात गळ्यापर्यंत बुडालेला, हातपाय मारणारा एक चित्रातला मुलगा. त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत नाव तरंगत होतं: यतीन.

"...चार... पाच... सहा..."

मुलाने तोंड बाहेर, माणसांकडे वळवलं. एक हात वर केला आणि खाली गेला. चार बुडबुडे आले, विरले.

"नाही म्हणतोय पोरगा," शाल पांघरून पाटावर बसलेले गुणवंतनाथ डोळे मिटून म्हणाले. "सातच्या आत गेला की नाही. सात किंवा पुढे तरंगला की हो. माऊली, तो अजून सुटलेला नाही."

समोर बसलेल्या सुचेताताईंनी पदर तोंडात कोंबला. हा त्यांचा यतीन. सतरा वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी मुर्ध्याच्या खाडीत गेला तो परत आला नव्हता. आता रोज संध्याकाळी तो भिंतीवर बुडत होता आणि अर्धी सोसायटी ते बघायला येत होती.

दाराच्या चौकटीला टेकून स्टेफनी हे सगळं बघत होती. उत्तनच्या मासेमाराची ही मुलगी भाईंदरच्या एका जलतरण तलावावर पोहणं शिकवायची. यतीनला तिनेच शिकवलं होतं, चार वर्षं. तो गेल्यापासून लोक तिला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारायचे: पट्टीचा पोहणारा पोरगा, मग बुडाला कसा?

शेजारच्या विमलाबाईंनी तिला हळूच माहिती पुरवली. "तेराव्यानंतर त्याच्या बहिणीने, इशिताने, त्याचा गेम लावला ना, तर हा उभा! नाव डोक्यावर. कोणी हात लावला नाही, तरी तराफा बुडाला नि हा पाण्यात. सुचेता किंचाळली. मग मीच नाथांना बोलावलं. तेव्हापासून इथेच असतात, यतीनच्या खोलीत. कुठे जात नाहीत. माया लागलीय त्यांना."

गेम मारामारीचा होता. हवेत तरंगणारे खडक, खाली नदी, नदीत एक तराफा. एकाने दुसऱ्याला ठोसे मारून पाण्यात पाडायचं. पडलेला थोडा वेळ पोहतो, वर आला तर वाचतो, नाही तर बुडतो आणि पुन्हा नव्याने उभा राहतो. तराफा तर मिनिटामिनिटाला आपसूकच बुडायचा. यतीनचा कंट्रोलर फुलं वाहून चौरंगावर ठेवला होता. त्याला कोणी शिवत नसे, त्यामुळे यतीन नावाचा खेळगडी तराफ्यावर नुसता उभा असे. वरच्या खडकावर दुसरा, काळ्या चिलखतातला. तो अधूनमधून खाली उडी मारून त्याला बडवायचा आणि परत वर जायचा.

"तो यमदूत," गुणवंतनाथ सांगत होते. "मशीनच्या मनाने चालतो. आता तुम्ही विचाराल, महाराज, आत्मा गेममध्ये कसा? अरे, आत्मा म्हणजे काय? डेटा! देह म्हणजे मोबाईल. मोबाईल फुटला तर डेटा जातो का? वर जातो, क्लाऊडमध्ये. आपल्या ऋषींनी त्यालाच आकाशतत्त्व म्हटलंय. समझे क्या? पासवर्ड फक्त गुरूकडे असतो."

माना डोलल्या. मग त्यांनी एकदम डोळे उघडले आणि दाराकडे बोट केलं. "ती उभी आहे, तिच्या मनात प्रश्न आहे. बाई, मनातच विचार."

पन्नास चेहरे वळले. स्टेफनीचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी प्रश्न आपोआप उमटला: माझं चुकलं का रे, यतीन?

यमदूत उतरला. दोन फटके मारून वर गेला. तराफा बुडाला. मोजणी सुरू झाली. सात झाले, आठ झाले. नऊला मुलगा तिच्याकडे वळला, हात वर केला आणि बुडाला.

"हो म्हणाला," गुणवंतनाथ म्हणाले.

पुढचे चार दिवस स्टेफनीला पाण्याकडे बघवेना. तलावाच्या काठावर उभी राहिली की निळ्या फरश्यांवरून एक हात वर येतोय असं वाटायचं. घरी तोंड धुवायला ओंजळ भरली तरी ती पाणी सोडून द्यायची. पाचव्या दिवशी ती नवीन बॅचला नेहमीचा धडा देत होती. तोंडपाठ वाक्यं, वर्षानुवर्षं म्हटलेली. "लक्षात ठेवा, खरं बुडणारा माणूस ओरडत नाही. हात हलवून बोलवत नाही. त्याला श्वास घ्यायलाच उसंत नसते, हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. शांतपणे जातो. म्हणून शांत झालेल्याकडे आधी बघा..."

ती मध्येच थांबली. पोरं तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

भिंतीवरचा तो मुलगा हात वर करून बुडत होता. ज्याने कधी कोणाला बुडताना पाहिलं नाही, अशा कोणा माणसाने काढलेलं ते बुडणं होतं. ते यतीनचं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती पुन्हा गेली, पण या वेळी पुढे बसली आणि आकडे मोजायला लागली. शर्यतीत पोरांचे सेकंद मोजणाऱ्या बाईला ते काही अवघड नव्हतं. यमदूताचे फटके पाच, पोरगा सहाला गेला. फटके आठ, पोरगा तीनला गेला. फटके दोन, पोरगा नऊला. ती हातांच्या बोटांवर बेरीज करत राहिली. दर वेळी अकरा.

शेवटी गुणवंतनाथांनी आवाज चढवला. "माऊली, आता एकच मार्ग. शनिवारी भर भरतीला मुर्ध्याच्या खाडीत, जिथे तो गेला तिथे, तुम्ही उतरायचं. डोकं पाण्याखाली, अकरा आकडे. तुमचा दम त्याला मिळेल आणि तो काठाला लागेल. चालेल का, त्यालाच विचारू."

दोन फटके. नऊ आकडे. हो.

"उतरेन मी," सुचेताताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा उजळला होता. त्यांचे यजमान दत्ताराम भिंतीकडे तोंड करून उभे होते.

स्टेफनीने घरी येऊन वडिलांना, सॅम्युएलना, हे सांगितलं. जाळं सारून ते उठलेच. "मुर्ध्याला? खुळी हाय का ती बाय? भरती पलटली का पानी भाईर धावतंय. खाली चिखल. पाय रुतला तं मी पन वर येनार न्हाय, नि तिला तं पवताच येत न्हाय. खाडी कुनाला खेचत न्हाय, पोरी. पानी जातंय नि मानूस तेच्यासोबत जातंय. तो पोरगा पन ओहोटीतच उतरलेला."

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी स्टेफनी इशिताला गेटवर भेटली. यतीनची ही धाकटी बहीण नववीत होती.

"इशिता, तो जितका मार खातो तितका लवकर बुडतो. बरोबर?"

पोरीने आजूबाजूला बघितलं. मग म्हणाली, "त्या गेमचा रूलच आहे तो. मार खाल्ला की नंबर वाढतो, नंबर वाढला की पाण्यात दम कमी. नंबर खाली दिसतात, हाराच्या मागे. आणि काळा प्लेअर मशीन नाही खेळवत, मिस. मशीनचा तसा थांबून नाही राहत."

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"मी बोलले असते, तर आईला वाटलं असतं, मी दादाला परत मारलं." ती रडायला लागली. "आणि कधीकधी मलापण वाटायचं, असू दे तो तिथे."

स्टेफनीने तिला जवळ घेतलं.

त्या संध्याकाळी गर्दी दुप्पट होती. गुणवंतनाथ शाल पांघरून पाटावर बसले होते. स्टेफनी उठून हात जोडून म्हणाली, "महाराज, उद्या ताई पाण्यात उतरणार. आज दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद द्या, आणि तेवढ्यात एक प्रश्न मला विचारू द्या."

"एक हात पुरे आहे, बाई. शक्ती..."

"नाही, नाही, दोन्ही हात!" विमलाबाई भक्तिभावाने ओरडल्या, आणि सगळा हॉल तेच म्हणायला लागला. गुणवंतनाथांना शालीतून दोन्ही हात काढावे लागले. ते सुचेताताईंच्या केसांवर टेकले. पडद्यावरचा यमदूत खडकावर दगडासारखा उभा राहिला.

"यतीन," स्टेफनी मोठ्याने म्हणाली. "तू इथे नाहीस. खरं ना?"

तराफा बुडाला. लोक मोजायला लागले. सात. आठ. नऊला आवाज बारीक झाले. दहा. अकरा. मग तो गेला.

"हो म्हणाला," पहिल्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं.

"यमदूत रुसलाय!" गुणवंतनाथ ताडकन उठले, आणि मांडीवरून दुसरा कंट्रोलर घरंगळून फरशीवर आपटला. इशिताने तो उचलला. चालत टीव्हीपाशी गेली आणि खालचा हार ओढून काढला. फुलांमागे दोन आकडे होते, दोन्ही शून्य.

"मी चार फटके मारते," ती म्हणाली. "तो सातला जाईल." यमदूताने चार फटके मारले. आकडा चढला. तराफा बुडाला आणि सगळ्यांच्या तोंडून न ठरवता मोजणी झाली. सातला तो गेला. "आता दहा. एकाला जाईल." एकाला गेला. "गेम झोनमध्ये कामाला असलेल्या कोणालाही हे माहीत असतं. महाराज, तुम्ही कुठल्या गेम झोनमध्ये होतात?"

महाराज दाराकडे धावले. चपलांच्या ढिगात स्वतःची जोडी शोधायलाही ते थांबले नाहीत. दत्ताराम त्यांच्या मागे यतीनच्या खोलीतली पिशवी घेऊन गेले आणि ती त्यांनी जिन्यावरून खाली सोडली.

सुचेताताई जागच्या हलल्या नव्हत्या. "पण तो माझ्याकडे बघायचा," त्या म्हणाल्या.

इशिताने काही बटणं दाबली. नवीन खेळगडी, केस लांब, डोक्यावर नाव: इशिता. तराफा बुडाला. अकरा आकडे झाल्यावर त्या मुलीने तोंड वळवलं, थेट आईकडे बघितलं, हात वर केला आणि गेली. तोच चेहऱ्याचा भाव, तेच चार बुडबुडे.

"सगळेच बघतात, आई."

इशिता येऊन शेजारी बसली, तेव्हा सुचेताताईंनी आपल्या लेकीचा हात घट्ट धरला. ती इथे होती, गरम, घामेजलेली, श्वास घेणारी. मग त्या रडल्या. आधीचं ते तोंडात पदर कोंबून रडणं नव्हे, मोकळं, मोठ्याने, जसं दोन महिन्यांपूर्वी रडायला हवं होतं. माणसं एकेक करून निघायला लागली, तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

"थांबा. तुम्ही सगळे रोज मोजत होतात. मीपण. पन्नास माणसं, आणि हाराच्या मागे काय आहे ते कोणी बघितलं नाही. उद्या मी पाण्यात गेले असते. काठावरून तुम्ही मोजलंच असतं."

विमलाबाई दाराशी उभ्या राहून रडत होत्या.

हॉल रिकामा झाल्यावर स्टेफनीने जे इतके दिवस मनात होतं ते सांगून टाकलं: मी त्याला पोहायला शिकवलं, पण तलावात. ओहोटीचं पाणी कसं धावतं ते शिकवलं नाही.

सुचेताताईंनी तिला जवळ बसवलं. "हे तू टीव्हीला विचारलंस होय? मला विचारायचं होतंस." मग म्हणाल्या, "मलाही कुठे माहीत होतं."

शनिवारी त्या मुर्ध्याला गेल्या, पण काठावर. सोबत सोसायटीतली पंधरा-वीस पोरं होती. सॅम्युएल चिखलात काठी रोवून पाण्याची खूण दाखवत होते. काठीपासून पाणी बघता बघता मागे सरकत होतं, आणि काठावरून शांत दिसणारी खाडी मध्ये केवढ्या जोरात पळतेय हे आता कोणालाही दिसत होतं.

"रोज याच वेळेला पलटतं का?" सुचेताताईंनी विचारलं.

"न्हाय, बाय. रोज पाऊन तास उशिरा."

"का?"

सॅम्युएल हसले. चंद्राबद्दल सांगायला लागले, मध्येच अडले, तेव्हा स्टेफनीने पुढचं सांगितलं. सुचेताताईंनी अजून दोन प्रश्न विचारले. मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "विचारा रे. कळलं नाही तर परत विचारा. विचारल्यावर जो रागावतो, त्याच्यापासून लांब राहा."