दारावरचा देखणा ग्राफ

प्रयोगशाळेत तिला सगळे अळीमिळी म्हणत. तीन वर्षांत मीटिंगमध्ये तिने तोंड उघडलं असेल, तर ते जांभई द्यायला.

काम तसं सरळ. मशीनच्या इवल्याशा कपात प्रोटीन भरायचं, वरून औषधाचे थेंब सोडायचे. औषध प्रोटीनला चिकटलं की उष्णता बदलते, मशीन तिचा ग्राफ काढतं. अळीमिळीचा ग्राफ इतका देखणा, की सरांनी तो केबिनच्या दारावर लावला होता. सोमवारी प्रबंध द्यायचा होता आणि पदवी त्याच ग्राफवर उभी होती.

प्रोटीनशिवायची कोरी चाचणी, म्हणजे नुसत्या पाण्यात औषध सोडून जी उष्णता दिसेल ती खऱ्या आकड्यांतून वजा करायची, तिने कधी केलीच नव्हती. "ती मी करून ठेवलीय, माझेच आकडे वजा कर," असं ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ताई म्हणजे प्रयोगशाळेतली सीनियर, हिच्या तापात उशाशी बसलेली. तिच्यावर कोण शंका घेणार?

गुरुवारी प्रोटीन संपलं, म्हणून तिने सहज नुसत्या खारट पाण्यात थेंब सोडले. आणि अगं बाई! तोच उतार, तोच देखणा ग्राफ! औषध कशालाच चिकटत नव्हतं. त्याच्या गुठळ्या पाण्यात फुटत होत्या, त्याचीच ती उष्णता, एवढंच.

तिने ताईच्या जुन्या फायली उघडल्या. तिथेही कोऱ्या चाचणीचा हाच ग्राफ होता, 'खराब' म्हणून बाजूला टाकलेला; हिला वजा करायला दिलेले आकडे बनावट होते.

"ताई, तुला माहीत होतं?"

"हळू बोल गं."

"मग हे काम मलाच का दिलंत?"

ताई ओशाळं हसली. "सरांनी विचारलं, फार प्रश्न न विचारणारं कोण आहे? मी तुझं नाव सुचवलं. तुझं भलंच झालं ना?"

खांद्यावरचा ताईचा हात अळीमिळीने पाल झटकावी तसा झटकला. शिसारी आली तिला. सरांची आली, ताईची तर आलीच, पण सगळ्यात जास्त स्वतःची. तीन वर्षं मान खाली घालून खोट्याची वजाबाकी करत बसले मी, शी!

शुक्रवारी मीटिंग संपताना सरांनी सवयीने विचारलं, "कुणाला काही शंका?" आणि उत्तराची वाट न बघता कागद आवरायला घेतले.

"मला आहे, सर."

ताईने मान खाली घातली. पदवी गेली चुलीत, असं मनाशी म्हणत अळीमिळीने दोन ग्राफ सरांपुढे ठेवले.

"यातल्या कुठल्या कपात प्रोटीन होतं, तेवढं ओळखून दाखवा."