काळीपिवळी गेमचा शेवट

गेम दोनच जातीचे. एक बाजूनं दिसणारे, एक वरून दिसणारे. बाजूनं दिसणाऱ्यात माणूस नुसता उड्या मारीत पळतो, माकडावानी. त्यात आपल्याला गोडी न्हाई. वरून दिसणारा म्हंजे घार बघती तसं बघायचं. झाड कुठं, नाला कुठं, कोण कुठं दडून बसलाय, सगळं उघडं. तरी बी माणूस मरतोच. बघणं येगळं आन हात चालणं येगळं.

आमच्या येलदरीत हे गेम आणले शिवकांतआप्पानं, अठ्ठ्याण्णव साली. त्याचं किराणा दुकान. मागं पोत्याची खोली. तिथं एक कलर टीव्ही, गेमची पेटी, दोन रिमोट आन कॅसेटीनं भरलेला बिस्किटाचा डबा. कमांडो होता. एकटा गडी, बंदूक घेऊन खालून वर निघालेला, मधीच बॉम्ब फेकायचा. इकारी होता. त्यात दोघं उघडेबंब, पण रणगाडा सापडला की आत बसायचे. जॅकल होता, जीपचा. तो तर समद्यांना म्हाईत.

पण माझा जीव एका बिननावाच्या कॅसेटवर. वरचा कागद फाटलेला, आत समदं चिनी का जपानी लिवलेलं. जॅकलसारखाच जीपचा गेम, पण लय अवघड. जीप काळी, वरचं टप पिवळं. म्हणून आमी त्याला काळीपिवळीच म्हणायचो. झोपडी फोडली की आतून अडकलेले लोक हात करायचे, आपुन त्यांना जीपमधी घ्यायचं. सात सीट बसायचे. मंग पूल, पुलाच्या पलीकडं गोल मैदान, तिथनं सीट घेऊन तसंच म्होरं. शेवटाला एक भली मोठी भिंत, तिच्यावर आठ तोफा. आमी तिला धरण म्हणायचो.

तवा मी जिंतूर-येलदरी गाडीवर नवा डायवर. दिवसभर सीट भरायचे, दुपारची खेप नसली की आप्पाच्या खोलीत येऊन परत सीट भरायचे.

"आरे सिद्ध्या, हाल की! हे काय जिंतूरचं स्टँड हाय का?" आप्पा वरडायचा. त्याची जीप माझ्या बाजूला.

"थांब, पाचच झालेत. भरल्याबिगर पूल उघडत न्हाई."

"गोळ्या लागायल्यात मला!"

"मंग बाजूला घे गाडी."

गावात ज्यानं ज्यानं हा गेम खेळला, त्यानं माझ्याकडूनच शिकला. सात भरले की मंग पूल. असा नेमच झाला.

आन एका दुपारी धरण पडायला आलं. आप्पाची जीप आधीच जळाली होती, गिऱ्हाईक आलं म्हणून तो म्होरं दुकानात गेला. मी एकटा. एक लाईफ, सात सीट, एकच तोफ ऱ्हायली. ती फुटली. भिंतीला भेग पडली. आन लाईट गेली.

आता इथं माझी चूक. दुसऱ्या दिवशी स्टँडवर सगळे इचारायले, शेवटाला काय हाय? लाईट गेली म्हणलं असतं तर कुणी मानलं असतं? समदे म्हणले असते, सिद्ध्या फेकायलाय. म्हणून म्या सांगितलं, भिंत पडली की पलीकडं गाव दिसतं. गावातली माणसं येत्यात. सातच्या सात सीट उतरवून घेत्यात, डायवरला खांद्यावर उचलत्यात आन गळ्यात हार घालत्यात.

आप्पा तिथंच हुबा होता. तो शिवाच्या पिंडीसमोर बसल्यासारखा गप. हो बी म्हणला न्हाई, न्हाई बी म्हणला न्हाई. मला वाटलं, दोस्ताची अब्रू राखली.

मंग काय, आदतच लागली. धरण परत कुणाच्यानं पडलं न्हाई, आन म्होरं ती कॅसेट बी खराब झाली. सत्तावीस वर्षं मी ती गोष्ट गाडीत सांगतोय. जीप गेली, क्रूझर आली, गोष्ट तीच. आन सगळ्यात जास्त ऐकली असंल आप्पाच्या शिवानीनं. पोरगी पाचवीपासून माझ्या गाडीनं जिंतूरच्या शाळेत. रोज पुढं बसायची. "काका, हाराचं सांगा." मी सांगायचो. हारात कोणती फुलं होती ते बी सांगायचो. तीच पोरगी आज पुण्याला मोबाईलचे गेम बनवायच्या कंपनीत हाय. तिथं कुणी इचारलं ह्या लाईनीत कशी आलीस, तर म्हणती, माझ्या गावच्या डायवरकाकामुळं. हे मला आप्पाच्या बायकोनं, उमावैनीनं सांगितलं. कौतुकानं सांगितलं, पण मला त्या राती जेवण गेलं न्हाई.

यंदा दसऱ्याच्या सुट्टीत शिवानी आली. मी नागपूरहून, दीक्षाभूमीहून आदल्याच दिवशी परत आलेलो. दारात येऊन म्हणली, "काका, सापडला!"

"काय सापडला गं?"

"काळीपिवळी! तीन वर्षं शोधत होते. जगात कुणाला माहीतच नाही हा गेम. एका म्हाताऱ्या जपानी माणसाकडं कॅसेट होती. चला, आज तुम्ही खेळायचं, मी व्हिडिओ काढते. हारापर्यंत."

माझी बायको कुसुम भाकरी थापायली होती. तिला समदं ठावं. ती माझ्याकडं बघून म्हणली, "जावा. घाला हार."

"तू शेवट बघितलास का गं?" म्या शिवानीला हळूच इचारलं.

"छे! तो तर तुम्हीच दाखवायचा."

जाताना डोक्यात एकच इचार. न्हाई जमलं म्हणलं तर थापाड्या ठरतो. जमलं तर पक्का थापाड्या ठरतो. आन ह्या पोरीपुढं.

तीच पोत्याची खोली. आता टीव्ही भिंतीएवढा. आप्पा गादीवर बसलेला, केस पांढरे, कपाळावर इभूत. उमावैनीनं चिवडा ठेवला. शिवानीनं मोबाईल तीन पायाच्या तिकाटण्यावर लावला.

"बाबा, तुम्ही दुसरी जीप घ्या."

"मला न्हाई जमायचं आता," आप्पा म्हणला. लयच चटकन म्हणला.

मी रिमोट घेतला. आन काय सांगू, बोटाला समदं आठवलं. पयली झोपडी, दुसरी झोपडी, नाल्यातले तिघं. म्या पुलाजवळ गाडी हुभी केली. पाच सीट.

"काका, थांबलात का?"

"दोन बाकी हायेत. भरल्याबिगर पूल उघडत न्हाई."

"उघडतो की! पूल आपोआप उघडतो. रिकामी गाडी नेली तरी चालते. मी पुण्यात इथपर्यंत खेळले, एकही माणूस न घेता."

आप्पा मान वर करून माझ्याकडं बघायला.

"रिकामी?" म्या म्हणलं.

"सत्तावीस वर्षं!" आप्पा म्हणला. "सत्तावीस वर्षं ह्यानं अख्ख्या गावाला पुलाजवळ हुभं केलं! माझ्या किती जीपा जळाल्या तिथं!"

उमावैनी पदर तोंडाला लावून हसायल्या. मी बी हसलो. पण रिकामी गाडी पुढं घ्यायचं काई मन झालं न्हाई. दोन सीट घेतले, मंगच हाललो.

धरण आलं. आठ तोफा. माझ्याकडं एक लाईफ. तवा माझ्या डोक्यात पाप आलं. म्हणलं, सिद्धोधन, तोफेच्या तोंडी घाल गाडी. म्हातारा झालो, नजर गेली म्हणून सांगू. शेवट दिसणारच न्हाई. हार गळ्यातच ऱ्हाईल. रिमोट डावीकडं दाबला की झालं.

म्या डावीकडं दाबलं बी. जीप तोफेकडं निघाली. आन आत सात सीट बसलेले दिसायले. एवढी एवढी टिकल्यावानी मुंडकी, सात. अंगठा आपोआप उजवीकडं गेला. आता तुमी म्हणताल, गेममधले होते. आसतील. पण इतक्या वर्षांत माझ्या गाडीतून सीट पडलं न्हाई, ते काय टीव्हीत पाडू?

सात तोफा गेल्या. आठवी गेली. भिंतीला भेग पडली. शिवानी हुभीच ऱ्हायली, टाळ्या वाजवायली. भिंत पडली.

पलीकडं काईच न्हाई. काळा पडदा. दोन वळी जपानी. शिवानीनं मोबाईलनं वाचून सांगितलं, "खेळल्याबद्दल आभार." मंग टुंग वाजलं आन पयली झोपडी परत आली.

पोरगी पडद्याकडं बघायली, मंग माझ्याकडं. "काका, हार?"

म्या रिमोट खाली ठेवला. "हार न्हाई, बाई. कधीच न्हवता. त्या दिशी भेग पडली आन लाईट गेली. पुढचं म्या बघितलंच न्हाई. मनानं सांगितलं. तुला लहान लेकराला रोज खोटं सांगितलं."

मंग ती बापाकडं वळली. "बाबा, तुम्ही होतात ना त्या दिवशी? तुम्ही कधी बोलला नाहीत?"

आप्पानं चष्मा काढला. पुसला. परत घातला. "लाईट गेली न्हवती," तो म्हणला.

"म्हंजे?"

"मेन बटन म्या बंद केलं. दुकानातून. माझी जीप जळाली, आन ह्यो एकटाच गेम मारतो, ते बी माझ्या दुकानात, माझ्या टीव्हीवर. मला सोसलं न्हाई. पाच मिनटानं चालू केलं. मंग हा स्टँडवर हाराचं सांगायला. मी काय बोलणार? खोटा तो, पण चोर तर मीच."

मी आ वासून बघतच ऱ्हायलो. "आप्पा! आरं त्या परमेश्वर वायरमनला म्या सत्तावीस वर्षं शिव्या घातल्या! लाईट त्यानं घालवली म्हणून त्याला कधी पुढच्या सीटवर बसू दिलं न्हाई. कायम मागं, पोत्याजवळ बसवलं!"

आधी उमावैनी हसायला लागल्या. मंग शिवानी. ती खाली बसून, पोट धरून हसायली, डोळ्यातून पाणी. आप्पा कान धरून बसला आन मी त्याला मूठभर चिवडा फेकून मारला.

"तो व्हिडिओ पुसू का, काका?" तिनं इचारलं.

"कशाला पुसती? आसू दे समदं. तुझ्या बापाचं बटन बी आसू दे."

"पण एक सांगू?" ती म्हणली. "ह्या गेमवाल्यांनी शेवट केलाच नाही. तुम्ही तरी केला. मी पाचवीत असताना तो नसता, तर आज कुठंतरी फाईली लावत बसले असते." असं म्हणून तिनं दुसरा रिमोट बापाच्या हातात कोंबला. आमी दोघं उमावैनी जेवायला बलवस्तोवर खेळलो. आप्पा अजून बी लवकर जळतो.

दुसऱ्या दिशी सकाळच्या खेपेला परमेश्वर वायरमन आला. आता रिटायर हाय, काठी टेकवीत येतो. आदतीनं मागं चढायला.

"मागं न्हाई, परमेश्वरभाऊ. पुढं बसा."

तो थबकला. "का बरं? मेलं का कुणी?"

"बसा तर. सांगतो."

गाडी भरली, निघालो. म्या त्याला पयल्यापासून समदं सांगाया घेतलं, कमांडोपासून. मागचे सीट बी म्होरं वाकून ऐकायले. बँकेतल्या राजेश्रीमॅडमनं कानातले इअरफोन काढून ठेवले. लाईट गेल्याचं आलं तवाच म्या बटनाचं बी सांगून टाकलं. परमेश्वरनं काठी आपटली, "बघा! मी सांगत होतो की न्हाई!" त्यानं कधीच काई सांगितलं न्हवतं. पण म्या म्हणलं, "हाव भाऊ, तुमी सांगत होता."

जिंतूर आलं. गाडी हुभी केली. मी अजून कालच्या खेळात, धरणाच्या सहाव्या तोफेवर होतो. कुणी उतरंना.