पुनवेची रजा

नारळी पुनवेला खाडीला पहिला नारळ द्यायचा मान चेंदणी कोळीवाड्यात गोमाजीच्या घराचा. गोमाजी गेला आणि मान त्याच्या मुलाकडे, चंदूकडे आला. पण चंदू फौजेत, दूर सरहद्दीवर. गेल्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही, तेव्हा चुलत्यानं, दामाजीनं नारळ दिला. लागोपाठ दोन पुनवा घरचा मुलगा आला नाही, तर मान दुसऱ्या घरी जायचा, ही तिथली रीत. म्हणून यंदा चंदूच्या आईचा, मंजुळाचा जीव टांगणीला लागला होता.

रजा मिळाली होती, तीही कशी! साहेबाला नारळी पुनव काय ठाऊक? समजावून समजावून थकल्यावर चंदूनं थाप मारली, "त्या दिवशी राखी आहे साहेब, बहीण वाट बघतेय." साहेब विरघळला. चंदूला बहीण नव्हतीच. फोनवर हे ऐकून मंजुळा पोट धरून हसली होती.

आज ते हसू पार पळालं होतं. रात्रभराच्या पावसानं रुळांवर पाणी, गाड्या जागच्या जागी. मिरवणूक वाजतगाजत बंदरावर आली, सोनेरी कागदानं मढवलेला नारळ मंजुळाच्या हातात, आणि डोळे खोपटच्या एसटी स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर. एसटीनं तरी येईल, एवढीच आशा.

"वयनी, भरती भरत आली," दामाजी म्हणाला. "नारल दे माज्याकडं. पानी उतरलं का मंग काय उपेग?"

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. "पानी अजून चढतंय. उतराया लागलं का माग!"

इतक्यात बायकांनी एकच गलका केला. त्यांची बोटं रस्त्याकडे नव्हती, खाडीकडे होती. भरतीच्या पाण्याला छाती देत रेतीवाल्यांची एक होडी येत होती, आणि पुढच्या वल्ह्यावर होता हिरव्या वर्दीतला, नखशिखांत भिजलेला माणूस.

"आये, मी आयलू गो!"

गाडी ठाकुर्लीला अडकली, तसा पठ्ठ्या उतरून रुळांवरून चालत सुटला. डोंबिवलीच्या रेतीबंदरावर होडी मागितली आणि स्वतः वल्हं धरलं. कोळ्याचं पोर ते, रस्ता बंद झाला म्हणून थोडंच अडणार!

मंजुळा लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरली. "माजा पोर आयला!" ती सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी ओरडली, आणि नारळ त्याच्या हातात दिला. होडी खाडीच्या मध्यावर गेली. पाणी चढायचं थांबलं, अगदी त्याच घटकेला चंदूनं नारळ सोडला. बँड असा वाजला की समोर कळव्यापर्यंत ऐकू गेला असेल. मंजुळा रडत होती आणि नाचतही होती.

चंदू काठावर आला तेव्हा दामाजी कमरेवर हात ठेवून उभा होता. मंजुळा जरा सावध झाली.

"साहेबाला खोटं बोललास म्हनं?"

चंदूनं मान खाली घातली. दामाजीनं मागं वळून आपल्या मुलीला हाक मारली, "कांते, राखी आन गो!"

कांतानं चंदूच्या ओल्या मनगटावर राखी बांधली. दामाजी हसला. "आता जाशील तवा साहेबाला हात दाखव. बोल, ही माजी बहीन."